चौथा प्रश्न

रविवारी सकाळी दोघी मायलेकी मागच्या पडवीत डाळिंब्या सोलत बसल्या होत्या. मोड आलेले वाल पाण्यात, मध्ये पितळी परात, आणि सुचित्राबाईंच्या मांडीशेजारी अर्जांचा गठ्ठा. त्यांचे हात ओले, म्हणून त्या गौरीला हात पुसून पानं उलटायला लावत होत्या.

"पुढचा घे. चौथा प्रश्न तेवढा वाच."

मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी रेवसपासून रेवदंड्यापर्यंत संस्थेच्या अकरा शाळांत सुचित्राबाईंचा शब्द चालत होता. तरुण शिक्षकांसाठीची 'सोबत' योजना त्यांनीच सुरू केलेली. दरवर्षी सहा जण निवडायचे आणि प्रत्येकाच्या वर्गात एका जुन्या शिक्षकाने वर्षभर, आठवड्यातून एकदा, शेवटच्या बाकावर येऊन बसायचं. अर्जात पदव्यांचे आणि प्रशिक्षणांचे रकाने होते, पण बाई तिकडे ढुंकूनही बघत नसत. त्या बघत चौथा प्रश्न. या वर्षी तुमचा कोणता तास फसला?

"'माझे सर्व तास समाधानकारक झाले,'" गौरीने वाचलं.

"साक्षात सरस्वतीच की. ठेव बाजूला. ताप नाही त्याला गोळी कशाला देऊ?"

गौरी हसली. पुढचा अर्ज थळच्या शाळेतल्या मनालीचा होता. "'पाचवीतल्या एका मुलीला उत्तर आलं नाही म्हणून मी तिला उभं केलं आणि विसरून गेले. तास संपेपर्यंत ती उभीच होती. तेव्हापासून ती माझ्याकडे बघत नाही. पुढे काय करायचं ते मला कळत नाही.'"

सुचित्राबाईंचे हात थांबले. "ही घ्यायची," त्या म्हणाल्या. "हिला आधी घ्यायची."

गठ्ठ्याच्या तळाशी एक पिन मारलेलं पाकीट होतं. वरचं अक्षर गौरीचं. सुचित्राबाईंनी ते कोपराने सालांच्या वर्तमानपत्राखाली सरकवलं, जसं गेल्या वर्षी आणि त्याच्या आदल्या वर्षी सरकवलं होतं.

"तुझा मी उघडणार नाही, तुला ठाऊक आहे. घरचं माणूस घेतलं की उद्या संस्थेतले यशोधनराव सुनेला आणून बसवतील. आणि तुला काय गरज गं? माझ्या हाताखाली वाढलेली तू."

गौरीने पुढची डाळिंबी उचलली. ती बोटांतच चिरडली. दुपारी बिरडं झकास झालं. सुचित्राबाईंनी दोनदा भात घेतला आणि झोपायला जाता जाता नेहमीचा प्रश्न विचारला, "उद्या आठवी ब का पहिला तास? कसं चाललंय तिथे?"

"छान," गौरी म्हणाली.

सोमवारी सकाळी सुचित्राबाई वाडीत पंप लावायला गेल्या आणि तिथेच, सुपारीच्या आळ्यात कोसळल्या. शेजारच्यांचा फोन आला तेव्हा गौरी फळ्यापाशी होती. टेबलावरचा फोन थरथरला आणि आठवी ब वर्गाने एका सुरात "ओऽऽ" केलं. आईच्या जाण्याची बातमी तिने त्या गलक्यात, एक कान दाबून ऐकली.

नंतरच्या दिवसांत माणसांची रीघ लागली. प्रत्येकाने डोळे पुसत तेच वाक्य म्हटलं, जणू वाटेत ठरवूनच आले होते. तुझं भाग्य बाई, तुला घरातच गुरू मिळाला. गौरी चहाचे कप पुढे करत राहिली. तिला जे वाटत होतं त्याला दुःख म्हणता आलं असतं तर सोपं झालं असतं. तो राग होता. दहा दिवसांपूर्वी गेलेल्या आईवरचा राग, आणि तो कुठे ठेवावा हे तिने वाचलेल्या ढीगभर पुस्तकांपैकी एकानेही सांगितलं नव्हतं. वर्तमानपत्राखालचं पाकीट तिने सालांसकट उचलून तसंच गठ्ठ्यात परत ठेवलं होतं. ते फेकवलं नाही आणि उघडवलंही नाही.

तेरावा झाल्यावर तिसऱ्या दिवशी यशोधनरावांचा निरोप आला. निवड समितीची बैठक आहे, बाईंकडचे अर्ज घेऊन ये. यशोधनराव संस्थेचे अध्यक्ष, नागावला मोठी वाडी, बोलणं साखरेत घोळलेलं. अलिबागच्या कार्यालयात सुचित्राबाईंचा फोटो त्यांच्याच खुर्चीत ठेवला होता, हार घालून. शेजारी सचिव किशोरीताई वही उघडून बसल्या होत्या. गौरीने गठ्ठा टेबलावर ठेवला. यशोधनरावांनी तो पत्त्यांसारखा भरभर पिसला.

"पाच नावं आम्ही नक्की केलीयत, फोनवरच," ते म्हणाले. "सगळी हुशार मंडळी. यंदा कार्यक्रम मोठा करू. प्रमाणपत्र, पेपरात फोटो. आणि सहावी जागा तुझी."

"माझी?"

"बाईंना श्रद्धांजली म्हणून. त्या असताना तुझ्यावर अन्यायच झाला, आम्हाला काय दिसत नव्हतं का?"

आईने त्या रविवारी संध्याकाळी मनालीच्या अर्जावर पेन्सिलीने बरोबरची खूण केली होती. यशोधनरावांनी तोच अर्ज वर काढून वाचला आणि त्यावर लाल शाईची रेघ ओढली.

"काका, हिला आईने पहिली निवडली होती."

"अगं, पोरीला तासभर उभं केलं असं स्वतःच्या हाताने लिहून दिलंय तिने. उद्या हा कागद पालकांच्या हाती लागला तर? संस्थेचं नाव जाईल. तो चौथा प्रश्नच काढून टाकू या पुढच्या वर्षीपासून. बाईंचा हट्ट होता, आम्ही चालवून घेतला."

"जिचा तास फसतो तिच्यासाठीच ही योजना आहे."

"हो, पण किती फसावा याला काही सुमार? किशोरीताई, गौरीचं नाव लिहून घ्या. हिचा अर्ज मनालीच्या शंभर पट चांगला असणार."

गौरीने गठ्ठ्यातून पाकीट काढलं. वाळलेल्या वालाचं एक साल त्याला अजून चिकटलेलं होतं. "हा तुम्ही वाचलात?"

"वाचायचं काय त्यात? सुचित्राबाईंची मुलगी तू."

"तीन वर्षं आईने न वाचता खाली सारला, सुचित्राबाईंची मुलगी म्हणून. आज तुम्ही न वाचता वर काढताय, त्याच कारणासाठी." तिचा आवाज चढला नाही. "एकदा कुणीतरी वाचून तर बघा."

तिने पिन उचकटली. पिन बोटात रुतली, तिकडे तिने लक्ष दिलं नाही.

"'ऑगस्टमध्ये आठवी ब वर्गाचा गणिताचा तास. गोंधळ इतका होता की शिपाई दोनदा दारातून डोकावून गेला. मी खडू ठेवला आणि वर्गाबाहेर पडले. प्रयोगशाळेत जाऊन बारा मिनिटं उभी राहिले. परत आले तेव्हा मी गेले होते हे एकाही मुलाच्या लक्षात आलेलं नव्हतं.'" तिने पान उलटलं. "'असा हा एकच तास नाही. शिकवायला लागल्यापासून सहा वर्षं असंच चाललंय. घरी आई विचारते, मी छान सांगते.'"

पंखा फिरत होता. यशोधनरावांनी लाल पेनाला टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"या अर्जाने किती नाव जातं ते सांगा," गौरी म्हणाली. "आणि हा चालत असेल तर तिचा का नाही तेही सांगा. मला श्रद्धांजलीची जागा नको. मनालीची तिला द्या. मी पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करेन, चौथ्या प्रश्नासकट. तेव्हा वाचून काय ते ठरवा."

"गौरी, बस जरा. पाणी घे. मन थाऱ्यावर नाहीये तुझं."

"मन अगदी थाऱ्यावर आहे, काका."

किशोरीताई एवढा वेळ वहीत बघत होत्या. त्यांनी हात लांब करून लाल रेघेचा अर्ज आपल्याकडे ओढला आणि सहाव्या आकड्यापुढे मनालीचं नाव लिहिलं. "बाईंची खूण आहे यावर," त्या म्हणाल्या, "आणि माझीही संमती. हरकत असेल तर तशी नोंद करते, अध्यक्षसाहेब. नावानिशी."

यशोधनरावांनी हरकत नोंदवली नाही.

गौरीने आपला अर्ज घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि ती निघाली. दारापर्यंत गेली. तिथून वळून परत आली, खुर्चीसमोर उभी राहिली. फोटो निरोपसमारंभातला होता, सुचित्राबाईंच्या चेहऱ्यावर सगळं ठाऊक असल्याचं हसू. बाकीचे दोघे ऐकतायत हे तिला माहीत होतं. ऐकू देत.

"आई," ती म्हणाली, "मला वर्ग सांभाळता येत नाही. मला तोंडाने सांगता आलं नाही, म्हणून तीनदा लिहून दिलं. तू एकदा तरी शेवटच्या बाकावर येऊन बसायला हवं होतंस."