निळ्या रंगाखालची घाण

टिकारामला किळस फार लवकर यायची. कपाच्या कानाला मळ दिसला की चहा तसाच ठेवून उठायचा, पंगतीत वाढप्याचं बोट वरणात बुडालं की याचं जेवण तिथंच संपलं. उकव्याच्या खाणीत यंत्रं दुरुस्त करण्यात त्याची हयात गेली, कोपरापर्यंत हात ग्रीसनं माखायचे, त्याचं मात्र त्याला काही वाटायचं नाही. कामाचा मळ तो मळच नव्हे, आळसाचा मळ तोच खरा मळ, असं त्याचं म्हणणं. गावानं त्याचं नाव 'नाकवाला बुढा' पाडलं होतं. म्हणोत बापडे.

रामनवमी तोंडावर आली होती. या गावात त्या दिवशी केवटाची झाँकी, म्हणजे रामाला नदीपार नेणाऱ्या नावाड्याचा देखावा, निघते. मच्छीमार समितीची खरीखुरी नाव ट्रॉलीवर चढवायची, तीत राम, लक्ष्मण, सीता नि वल्हं धरलेला केवट अशी पोट्टी बसवायची, आणि पुढं ट्रॅक्टर जोडून देवळापासून नदीच्या घाटापर्यंत वाजतगाजत न्यायचं. ट्रॉली म्हणजे लोखंडी चौकोनी पाइपांचा सांगाडा, खाली दोन चाकं, बस. यंदा सीता होणार होती टिकारामची नातीन मयुरी. त्याची बायको मैनाबाई तर गावभर सांगत सुटली होती. आपली पोर जिच्यावर बसणार ती ट्रॉली एकदा ठोकून बघावी, म्हणून टिकाराम पिशवीत हातोडी नि स्क्रू पिळायचा पेचकस टाकून देवळामागच्या शेडमध्ये गेला.

ट्रॉली नवरीसारखी सजली होती. झाँकीचा अध्यक्ष दुलीचंद, त्यानं नुकताच चकचकीत निळा रंग मारून घेतला होता. टिकारामनं खाली वाकून हातोडीनं एकेक पाइप वाजवायला सुरुवात केली. धडधाकट लोखंड टणटण बोलतं. पुढचा दांडा बोलला, बाजूचे बोलले. नावेचं सगळं वजन जिच्यावर पडतं ती मधली आडवी पाइप मात्र भद् करून गप्प झाली. पुन्हा ठोकली. पुन्हा भद्.

पाइपेचं एक तोंड उघडं होतं. त्यानं सळई घालून आतलं ओढलं तसा काळा, बुळबुळीत लगदा भसकन पायाशी पडला. त्यात सडलेले हार होते, नारळाच्या शेंड्या होत्या, हळद लावलेला भात होता नि त्यात वळवळणाऱ्या पांढऱ्या अळ्या. असा कुबट वास सुटला की टिकारामनं धोतराचा सोगा नाकाला लावला. शेडबाहेर जाऊन तो दोनदा थुंकला.

काय झालंय ते त्याला एका नजरेत कळलं. दसऱ्याला ट्रॉलीची पूजा, रामनवमीला पूजा. पूजेच्या फुलांवर कोणाचा पाय पडू नये, म्हणून बायामाणसं ती उचलून या पाइपेत कोंबायची. कोनाड्यासारखं आयतं तोंड! नदी समोर वाहतेय, पण तिथवर जाईल कोण? शिवाय नाव उतरवताना ट्रॉली पाण्यात जायची, पाणी आत शिरायचं नि फुलांचा बोळा ते वर्षभर धरून ठेवायचा, लोखंड आतून गंजत जायचं. वरून दरसाल नवा रंग. वरून कीर्तन, आतून तमाशा, दुसरं काय! त्यानं पेचकस टेकवून नुसता दाबला, तर तो रंगासकट आरपार गेला.

तेवढ्यात दुलीचंद आला.

"काहून भोकं पाडून राह्यले जी तुमी? कालच तं रंग मारला."

"रंगच आहे तो. खाली लोखंड उरलं नाही. बघ, पेचकस कसा गेला."

दुलीचंद वाकला, वास आला तसा मागं सरला. "पुट्टी भरून टाकतो, वरतून एक हात मारतो. किती दूर जाची आहे ट्रॉली? घाटापर्यंत."

"घाटाचा उतार आहे ना! वरतून नाव, नावेत चार पोट्टे. मोडली तं नाव उलटून त्याइच्याच अंगावर पडते. दुसरी ट्रॉली आन, नाहीतं बैलगाडी जोड."

"पत्रिका वाटून झाल्या, बालाघाटहून पाहुणे येऊन राह्यले, नि बैलगाडीवर केवट दाखवू?" दुलीचंदनं आवाज एकदम मऊ केला. "तुमाले मयुरीची चिंता वाटते ना? मंग तिले उतरवून टाकू. नाववाल्या महागूची अंजू आहे, ते बसन सीता. आता तं तुमची हरकत नाही?"

टिकारामच्या तोंडात कडू पाणी आलं, मघासारखाच तो थुंकला. पिशवी उचलून घराकडे निघाला आणि वाटेत त्याला चक्क हलकं वाटलं. मयुरी वाचली. हे हलकं वाटणं ध्यानात आलं तेव्हा स्वतःच्याच अंगाला तो लगदा लागल्यासारखी शिसारी आली त्याला.

घरी त्यानं सगळं मैनाबाईला सांगितलं. ती आधी रडकुंडीला आली, मग पूजेच्या फुलांना घाण म्हटलं म्हणून रागावली, आणि शेवटी तांदूळ निवडायला बसली.

"आपली उतरली ना? बस झालं मंग. गावाची काळजी तुमी कायले वाहता?"

"नि अंजू?"

"रामजी पाहून घेईन."

टिकारामला तिच्या हातचं जेवण त्या दिवशी गेलं नाही.

सकाळी तो मोठा घण घेऊन शेडवर गेला. भोकं पुट्टीनं बुजली होती, रंग ओला होता. महागू नाव घासत होता. नाव सांभाळायची ती यानं, नदीत उतरवायची ती यानं, पण त्याच्या घरचं पोर आजवर नावेत कधी बसलं नव्हतं. मोठ्यांच्याच घरची बसायची. अंजू पुठ्ठ्याचा मुकुट घालून बाजूला उभी होती, मान हलली तर तो पडेल म्हणून अगदी ताठ.

टिकारामला पाहताच महागूनं हात जोडले. "दादा, तुमीच मयुरीले मागं घेतलं म्हने. माझ्या पोट्टीचं नसीब उघडलं. तिची माय रातभर झोपली नाही खुशीनं."

"महागू, ट्रॉली सडली आहे. पोट्टीले बसवू नको."

"दुलीचंदभाऊ म्हने, पक्की केली."

समजावण्यात अर्थ नव्हता, पालथ्या घड्यावर पाणी. नाव अजून खालीच होती, ट्रॉली रिकामी. टिकारामनं घण उचलला नि मधल्या पाइपेवर घातला. एकाच घावात पाइप कागदासारखी फाटली, सांगाडा मधून खचला, चाकं फाकली आणि उरलासुरला काळा लगदा निळ्या रंगावरून खाली ओघळला.

महागूनं त्या लगद्याकडे पाहिलंही नाही. तो टिकारामकडे बघत होता.

"पाटलाइच्या पोट्ट्या बसत होत्या, तवा नाही दिसला तुले जंग," तो म्हणाला. आजवर तो टिकारामला 'तुमी' म्हणत आला होता. "माझीची पाळी आली तवाच दिसला?"

अंजूनं मुकुट काढून बापाच्या हातात दिला. टिकारामनं घण खाली टेकवला. महागूचं बोलणं खोटं नव्हतं. इतकी वर्षं दर रामनवमीला त्या ट्रॉलीवर पोट्टी बसत होती, आणि आपली मयुरी बसणार म्हटल्याशिवाय टिकाराम हातोडी घेऊन त्या शेडकडे कधी फिरकला नव्हता.