मोटरवरची आरती

आमच्या देवघरात आरतीला माणूस लागत नाही. बटण दाबलं की मोटर फिरते, ढोलावर काठी पडते आणि दोन घंटा बडवल्या जातात. देवळात असतं तसलंच यंत्र, फक्त छोटं. आमच्या ह्यांनी, तुळजारामांनी, हौसेनं आणलं. देवाला पाय फुटले असते तर राजवाड्यामागच्या ह्या गल्लीतून त्यानं केव्हाच बिऱ्हाड हलवलं असतं.

माझं दुखणं वेगळं. तिरुवैयारुला आराधनेच्या संगीत उत्सवात गायचं होतं, आठच दिवस उरले होते, आणि आरतीनंतर सरावाला बसलं की घसा बसायचा. तशीच खरवडत गायचे. हे समोर बसून मान डोलवत म्हणायचे, "छान."

"तुझ्या कापराचा आणि सांबराणी धुपाचा धूर," असं निदानही ह्यांनीच केलं. मी दोन्ही बंद केलं. घसा तसाच. मग मी देवावरही चिडले.

लेक दिव्यश्री तिरुचीहून हवेतली धूळ मोजायचं मीटर घेऊन आली. धूप नाही, कापूर नाही, आकडा वीस. आरतीचं यंत्र लावलं, पाच मिनिटांत दोनशे. तिनं मोटरचं झाकण काढलं. आत ठिणग्या उडत होत्या, खाली काळी भुकटी.

"अम्मा, मोटरमधला कार्बन झिजतोय, आणि तो रोज तुझ्या छातीत जातोय."

बाळकृष्णाला तर काळी मिशी आली होती. समईची काजळी समजून मी ती रोज पुसत होते.

मी पिन उपटली. हे दिवसभर फुगून बसले. घंटा हातानं वाजवायला हात झिजतात का, असं विचारलं, तर ह्यांचे डोळे यंत्रावरच.

पाचव्या दिवशी गळा मोकळा झाला. वरचा षड्ज असा लागला की माझ्याच अंगावर काटा आला. हे म्हणाले, "छान." अगदी रोजच्यासारखंच.

"अहो, दोन महिने बेडकासारखी गात होते, तेव्हाही छान आणि आजही छान?"

ह्यांनी मान खाली घातली. "बोलणं तुझ्या ओठांवरून कळतं, वसुमती. ऐकू यायचं म्हणशील, तर वर्षभर फक्त ते यंत्रच येत होतं."

मला रडूच फुटलं. माझे ओठ दिसावेत म्हणून त्यांची हनुवटी वर केली आणि विचारलं, "मग छान कधी म्हणायचं, ते कसं कळायचं तुम्हाला?"

"तुझं तोंड मिटलं, की म्हणायचो."