गाण्यामागून येणारं जहाज

"दोर हातात असेपर्यंत जहाजाकडे बघायचं नाही. गाणाऱ्याच्या खांद्यांकडे बघायचं. खांदे उचलले की तिला श्वास हवाय. तेवढं थांबायचं."

हे माझे यजमान सांगायचे. त्या संगीत नाटकात शेवटी शिडांसकट दुमजली जहाज यायचं आणि त्याच्या टोकावर उभ्या राहून वन्सं गायच्या. विंगेतली माणसं उलट्या पावली दोर ओढायची. सगळ्यांत पुढे, जहाजाजवळ, हे. एखादा गडी कमी पडला की मीही दोराला लागे. शेवटचा सूर आणि काठ एकदमच यायचे.

जाण्याआधी हे म्हणाले, "ताईचं जहाज पुन्हा निघालं, तर दोराला तू राहा." मी हो म्हटलं. ते पुन्हा निघेल असं तेव्हा कुणाला वाटलं होतं?

आता वन्संच्या मुलानंच ते नाटक पुन्हा काढलं. नाट्यगृहं बघून झाली, पण छतं बुटकी. शिडं कापावी लागली असती. शेवटी बंद पडलेला ट्रामचा डेपो मिळाला. छप्पर उंच, जमिनीत रूळ. "मामी, जहाजाला आयते रूळ," म्हणत त्यानं खाली मोटर बसवून घेतली. ओढायला माणसं मिळत नाहीत, हे काही त्याचं खोटं नव्हतं.

तालमीत मोटर श्वासासाठी थांबेना; जहाज काठाला लागलं, तेव्हा वन्संचं अर्धं कडवं उरलं होतं. दुसऱ्यांदा त्यांनी घाई केली आणि ठसका लागला. तिसऱ्यांदा त्या टोकावरच बसल्या.

"आई, रेकॉर्ड लावू. तू नुसते ओठ हलव."

"मी मेले की लाव. तेव्हा ओठांचाही त्रास नको."

"अगं, दम पुरत नाही तुझा."

"तुला द्यायला पुरतो."

सगळे हसले. वन्सं हसल्या नाहीत.

पूर्वी कंडक्टर बसायचे त्या खोलीत मी त्यांना पाणी दिलं. शिडं शिवून माझीही बोटं सुजली होती. त्यांनी विचारलं, "खरं सांग, घरी बसू का?" हो म्हणावं असं अगदी ओठांवर आलं. सुटलो असतो दोघीही.

तेवढ्यात त्या म्हणाल्या, "भाऊ दोराला असायचा तेव्हा आपण दमलोय हे मला कळायचंच नाही गं."

मी पेला विसळून पालथा घातला आणि भाच्याकडे गेले. तो जहाजाला टेकून डोळे मिटून उभा होता.

"त्या गाण्यापुरती मोटर सोडव. दोर लाव."

"ओढणार कोण, मामी?"

"नाचणारी पोरं आहेत की. पुढे मी राहते."

"तुमची कंबर?"

"ती कुरकुरणारच. घरी बसले तरी कुरकुरते."

त्यानं वाकून जहाजाखालची मोटर पाहिली. "उद्याची एक तालीम. नाही जमलं तर रेकॉर्ड. मग आईला तुम्ही समजवायचं." मग त्याला आठवलं. "पण तालीम संध्याकाळी. तेव्हा तर तुमचं मौन."

दिवेलागणीला मी तासभर बोलत नाही. हे गेल्यापासून एकदाही मोडलेलं नाही.

"मग पोरांना सांगणार कोण, थांबा, ओढा?"

"सांगायचं काय त्यात? जहाजाकडे बघू नका, मामीच्या पाठीकडे बघा, एवढं तू आधी सांगून ठेव. मी वन्संकडे बघेन."

दुसऱ्या दिवशी दिवेलागण झाली तशी मी दिवा लावला, हात जोडले आणि तोंड मिटलं. यजमानांचे कातडी हातमोजे खालच्या खणात होते, कडक झालेले. त्यांना तेल चोळलं. कंबरेला पट्टा बांधला, दाराला कडी घातली आणि डेपोच्या रस्त्याला लागले.