इंटरवलनंतरचा माणूस

गल्लीत त्याला सगळे 'इंटरवल' म्हणायचे. काचा बसवायचा त्याचा धंदा. खिडकीच्या, शोकेसच्या, कुणी रागाच्या भरात फोडलेल्या कपाटाच्या. कामाला चोख माणूस, पण जिभेला सिनेमाची खाज. काच कापताना कुणी नुसतं "काय काका, काय विशेष?" म्हणायचा अवकाश, की काच राहिली टेबलावर आणि गाडी सुटली.

त्याचे लाडके सिनेमे तीन. एक ट्रकचा, एक दोन बहिणींचा आणि एक दीपगृहाचा. नावं लक्षात ठेवणं हे पोस्टर चिकटवणाऱ्याचं काम, असं त्याचं मत. ट्रकचा आवडायचा, कारण त्यातला ड्रायव्हर शेवटपर्यंत कुणाची माफी मागत नाही. बहिणींचा आवडायचा तो थोरलीमुळे. ती इस्त्रीचं दुकान चालवते आणि घरमालकाचा सदरा मुद्दाम जाळते. "मुद्दाम!" तो बोट वर करून म्हणायचा. "आणि वर त्यालाच विचारते, जळकट वास कसला येतोय हो? याला म्हणतात सिनेमा!"

समोरचा सलूनवाला हे ऐकून वैतागायचा. "अरे, थोरली मास्तरीण असते! इस्त्री कुठून आणलीस?"

"तू सुरुवातीला बाहेर विडी ओढत असशील."

"तीनदा पाहिलाय मी तो!"

"मग तीनदा ओढली असशील."

दीपगृहाचा का आवडतो, हे मात्र तो कुणाला सांगायचा नाही. तिथे आला की तोंडाला कुलूप.

आता खरी गोष्ट सांगतो. या तिन्ही सिनेमांचा पहिला अर्धा भाग या गृहस्थाने डोळ्यांनी पाहिलेलाच नव्हता.

झालं होतं असं. मुलगी तान्ही होती आणि तिच्या छातीत सारखी घरघर. त्यात अंधारात नेली की असा सूर लावायची, की पडद्यावरच्या नटाने वळून बघावं. आणि या नवराबायकोला तर सिनेमाचं वेड. त्याने थिएटरच्या तिकीट-खिडकीची फुटलेली काच बसवून दिली होती, म्हणून डोअरकीपर ओळखीचा. त्याने मार्ग काढला. एका तिकिटावर इंटरवलपर्यंत बायको बघेल, इंटरवलनंतर नवरा. ज्याची पाळी नसेल तो पोरीला घेऊन व्हरांड्यात, सिनेमाच्या फोटोंच्या कपाटाजवळ. "पण एका वेळी एकच जीव आत," डोअरकीपरने दम भरला होता. "दोघं दिसलात, तर माझी नोकरी तुमच्या दुकानात लावा."

बायको आधी, कारण पोरगी बरोबर इंटरवलच्या सुमाराला भुकेने कळवळायची. घंटा वाजली की ती बाहेर यायची, पोरीला पदराखाली घ्यायची आणि पाजता पाजता पहिला भाग भराभर सांगायची. तो तेवढ्या शिदोरीवर आत शिरायचा. सिनेमा सुटला की घरी जाताना रस्ताभर त्याचा अर्धा तो सांगायचा. असा दोघांनी मिळून एकेक सिनेमा पुरा केला. संसारात बाकी काय वेगळं असतं?

दीपगृहाच्या सिनेमाला गेले तेव्हा पोरगी नुकतीच दवाखान्यातून घरी आली होती. डॉक्टर म्हणाला होता, बघू. डॉक्टर 'बघू' म्हणतो तेव्हा आईबापाच्या अन्नात माती पडते. पडद्यावरही नेमकं तेच. दीपगृहाच्या राखणदाराचं पोर तापाने फणफणलेलं, समुद्र खवळलेला, डॉक्टरची होडी येते का नाही. आणि होडी आली नाही. पोर गेलं. बापाने दिवा विझू दिला नाही आणि पोर गेलं.

तो बाहेर आला तेव्हा बायको भिंतीला टेकून उभी होती. खांद्यावर पोरगी, घरघर चालू. तिने विचारलं, "वाचतं का हो?"

तुम्ही काय सांगितलं असतंत? सत्यवादी असाल तर तुमचं तुम्हाला लखलाभ. तो म्हणाला, "वाचतं तर! होडी येते. डॉक्टर चिंब भिजलेला. आणि सकाळी पोरगं उठून बसतं आणि म्हणतं, बाबा, आता दिवा मालवा की, उजाडलं."

बायको रडली आणि हसली. पुढे कित्येक महिने पोरीची छाती भरून आली की ती तिला मांडीवर घेऊन थोपटायची आणि पुटपुटायची, "येतेय हं होडी. येतेय." पोरगी वाचली, वाढली, धट्टीकट्टी झाली, आता लिफ्ट दुरुस्त करते आणि दोन माणसांचं खाते. पण बायकोचा सगळ्यांत लाडका सिनेमा तोच राहिला. थिएटर पाडलं, तिथे मोटारी उभ्या राहायला लागल्या, तरी ती म्हणायची, "एकदा तरी ते पोरगं उठून बसताना डोळ्यांनी बघायचंय."

तो म्हणायचा, "मिळत नाहीत आता तसले सिनेमे." आणि मनातल्या मनात म्हणायचा, न मिळोत.

मिळाला. बायको पाय घसरून पडली, पायाला प्लास्टर बसलं, घरात कोंडून चिडचिडी झाली. मुलगी रविवारी दुपारी आली ती काखेत छोटासा प्रोजेक्टर घेऊन. "आई, डोळे मीट. तुझा दीपगृहाचा सापडला! सगळाच्या सगळा!"

त्याने हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"डोळ्यांना त्रास होईल तिच्या," तो म्हणाला.

"प्लास्टर पायाला आहे, बाबा."

"भिंतीचा रंग उडालाय."

"तुम्ही पडदे ओढा."

मुलगी हात धुवायला गेली तेवढ्यात त्याने प्रोजेक्टरची वायर उचलली आणि पुट्टीच्या डब्यात घातली. मुलगी आली, तिने इकडेतिकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. बाप छताकडे बघत होता. तिने पिशवीतून दुसरी वायर काढली. लिफ्टवाल्यांकडे वायरींचा दुष्काळ नसतो.

"तुमच्या कपाळाला घाम का आलाय?" बायकोने विचारलं.

"पडदे ओढलेत ना."

सिनेमा सुरू झाला. भिंतीवर समुद्र आला, दीपगृह आलं, गोल जिना आला. तो खुर्चीच्या काठावर बसला होता. जन्मात पहिल्यांदा पहिला भाग बघत होता, पण चित्त होतं शेवटाकडे. चोराच्या मनात चांदणं. तरीही थोड्या वेळाने त्याच्या कपाळाला आठ्या पडायला लागल्या.

"हिची आई कुठाय?"

"कुणाची आई?" मुलगी म्हणाली.

"राखणदाराच्या बायकोची. बंदरावर तिचं इस्त्रीचं दुकान असतं. ती खलाशांचे कपडे वाफेवर धरते आणि कॉलरच्या मळावरून ओळखते, कोण कुठून आला ते. तिथूनच सुरू होतो सिनेमा!"

"इथे तर गलबतावरून सुरू झाला."

"कापलं असेल," बायको भराभर म्हणाली आणि प्लास्टरवरचं काहीतरी नखाने खरवडायला लागली.

तो भिंतीकडे बघत राहिला. मग हळूहळू त्याचं डोकं चालायला लागलं. बहिणींच्या सिनेमातही इस्त्री. ट्रकच्या सिनेमात ड्रायव्हरची बहीण, तीही वाफेने भाजलेल्या हाताची. जगातल्या सगळ्या दिग्दर्शकांना इस्त्रीचा एवढा पुळका कुठून आला? आणि ही, त्याची बायको, तेव्हा काम कुठे करायची? लाँड्रीत. सकाळपासून संध्याकाळपर्यंत, उभ्याने.

"अगं," तो सावकाश म्हणाला, "तू पहिला भाग बघायचीस ना?"

"बघायचे की."

"खरं सांग."

"झोपायचे!" ती उसळून म्हणाली. "झोपायचे मी! दिवे मालवले की डोकं मागे टेकायचे ते घंटेलाच उठायचे. काय करायचं होतं मग? दिवसा इस्त्री, रात्री ही घरघर करणारी. तेवढीच झोप मिळायची मला, गारेगार, अंधारात, कुणी हाक न मारता. बाहेर आले की तुम्ही असे लहान पोरासारखं तोंड करून उभे, काय झालं, काय झालं! म्हणून ते कपाटातले फोटो बघून जुळवायचे आणि सांगायचे काहीतरी."

शहाणी माणसं सिनेमावर जाडजाड पुस्तकं लिहितात. कॅमेरा काय, प्रकाश काय, आशय काय. बाईला सिनेमा कधीकधी नुसत्या अंधारासाठी लागतो, हे त्यातल्या एकाने तरी लिहिलंय का? लिहिणार कशाला? त्यांच्या कॉलरी कुणीतरी दुसरीच इस्त्री करून देत असते.

"म्हणजे," तो म्हणाला, "तो घरमालकाचा जाळलेला सदरा..."

"तो खरा आहे. आपल्याच घरमालकाचा."

मुलगी खुर्चीवरून पडायचीच राहिली. तोही हसायला लागला. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला. "आणि मी त्या सलूनवाल्याशी वर्षानुवर्षं भांडतोय!"

तेवढ्यात भिंतीवर अक्षरं उमटली. इंटरवल. त्याचं हसू जागच्या जागी वाळलं. सवयीने तो उठून उभा राहिला.

"कुठे निघालात?" बायको म्हणाली. "आता तर तुमचा अर्धा. बसा इथे माझ्याशेजारी. एका तिकिटावर दोघं."

"आपण उद्या बघू."

"उद्या मी कामावर असते, बाबा," मुलगी म्हणाली आणि सिनेमा पुढे नेला.

तो बसला. ताप चढला. वादळ आलं. बाप जिना चढतोय, उतरतोय. बायको पुढे झुकली आणि नकळत पुटपुटायला लागली, "येतेय हं होडी." त्याला वाटलं, उठून भिंतीसमोर उभं राहावं, आपल्या पाठीने समुद्र झाकून टाकावा. उजाडलं. समुद्र रिकामा. बापाने पोरावरची चादर वर ओढली, डोक्यापर्यंत.

बायकोने न बघता हात लांब केला आणि मुलीचं मनगट धरलं, घट्ट, नाडी बघतात तसं.

मग बायको नवऱ्याकडे वळली. तो मान खाली घालून बसला होता.

"हे तुम्ही एकट्याने पाहिलंत?" ती म्हणाली. "तिथे, आत, एकट्याने? आणि बाहेर येऊन मला होडी सांगितलीत?"

त्याने मान हलवली.

तिने भिंतीकडे बोट केलं. "चुकलाय तो. होडी आली होती. ही काय, बसलीय समोर, माझ्या वाटचंसुद्धा खाऊन." मग पायाखालची उशी सारखी करत म्हणाली, "बंद कर गं ते. अहो, तुम्ही सांगा. पहिल्यापासून. दुकानापासून."

मुलीने प्रोजेक्टर बंद केला, पण पडदे तसेच राहू दिले. त्याने घसा खाकरला. बंदरावरचं दुकान सांगितलं, वाफ सांगितली, कॉलरी सांगितल्या. वादळापर्यंत आला तेव्हा बायकोचं डोकं त्याच्या खांद्यावर कलंडलं होतं. श्वास चालला होता, शांत, एकसारखा.

तो थांबला.

"मग?" मुलीने दबक्या आवाजात विचारलं.

"हळू बोल," तो म्हणाला. "झोपू दे तिला." आणि खांदा जराही न हलवता, आवाज आणखी खाली आणून, त्याने होडी समुद्रात ढकलली.