उणे पंचवीस

धाकट्याला आयुष्यात एकाच गोष्टीचा गर्व होता, आणि ती म्हणजे त्याचा डावा हात. एरवी तो चष्म्याच्या दुकानात कामाला. दिवसभर लोकांच्या नाकावर भिंगं बदलायची आणि "आता? की आधीचं बरं होतं?" असं विचारत बसायचं. पण रविवारी सकाळी, रोपवाटिकेच्या मागच्या कॉफीच्या दुकानात, काचेच्या छपराखाली कुंड्यांच्या गर्दीत तो कीबोर्डपुढे बसला की त्या एका खुर्चीत दोन वादक बसायचे. उजव्या हाताने पियानो आणि डाव्या हाताने बेस.

कारभार चौघांचाच. गिटारवर मास्तर, शाळेत गणित शिकवणारे. तेच सगळ्यांचे म्होरके. तालाला खोकेवाला. हा एका लाकडी खोक्यावर बसायचा आणि त्याच खोक्याला बडवायचा. उरलेला आठवडा लोकांना विमा विकायचा. आणि गायला ताई. धाकट्याची सख्खी थोरली बहीण, पोस्टात खिडकीवर बसणारी. पूर्वी पाचवा एक बेसवाला होता. त्याची बदली झाली तेव्हा मास्तर नवा माणूस शोधायला लागले, तर धाकटा म्हणाला, "कशाला? माझा डावा हात रिकामाच असतो." सगळे हसले आणि माणूस शोधायचं राहूनच गेलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे, पण तेव्हा ते कोणाला कळायला!

त्याने कीबोर्डचे दोन भाग केले. डावीकडच्या पट्ट्या दाबल्या की बेसचा जाड सूर, उजवीकडच्या दाबल्या की पियानो. दोन्ही भागांचा आवाज वेगळा, सुराची जुळवणीही वेगळी. लोक विचारायचे, "बेस कोण वाजवतंय? दिसत नाही कुठे." मग धाकटा नुसता डावा हात वर करायचा.

मधे ताईच्या घशात गाठी निघाल्या. ऑपरेशन झालं. पहिले तीन आठवडे तिने पाटीवर लिहून घर चालवलं. भावोजी म्हणायचे, "लग्नानंतर इतकी शांतता पहिल्यांदाच बघतोय," आणि म्हणता म्हणता त्यांचे डोळे भरून यायचे. चार महिन्यांनी डॉक्टरांनी परवानगी दिली, तेव्हा धाकट्यालाच तिच्यापेक्षा जास्त उत्साह. ताई परत गाणार म्हणजे बेस कसा अस्सल पाहिजे! त्याने जुन्या बेसवाल्याच्या वेळची एक टेप शोधून काढली आणि आठवडाभर कानाला हेडफोन लावून त्याची एकेक जागा उचलली.

आणि त्या रविवारी ताई बेसूर गायली.

पहिलं गाणं कसंबसं निभावलं. दुसऱ्यात तिचा सूर खाली घसरायला लागला. ती तो उचलायची, तो पुन्हा घसरायचा. मास्तरांनी दोनदा गिटारच्या खुंट्या पिळून पाहिल्या. ताई एका कानावर हात ठेवून गात होती, अंधारात जिना उतरणारं माणूस पाय टाकतं तसा एकेक सूर चाचपत. समोरचे लोक कपात बघायला लागले. धाकट्याला कळेना काय बिनसलंय. त्याच्या पायाशी ठेवलेल्या छोट्या स्पीकरमधून त्याला स्वतःचा पियानो ऐकू यायचा. बेसची नुसती गुरगुर. खरा बेस मोठ्या स्पीकरमधून लोकांकडे आणि पुढे उभ्या असलेल्या ताईकडे जायचा.

चौथ्या गाण्यानंतर ताईने माईक स्टँडवर ठेवला आणि म्हणाली, "आज एवढंच."

सामान आवरताना कोणी कोणाकडे बघत नव्हतं. मास्तर म्हणाले, "कदाचित माझी गिटार उतरली असेल." खोकेवाला भाबडेपणाने म्हणाला, "मग कीबोर्डशी जुळवून बघायची ना. तो काही बेसूर होत नाही." ताई म्हणाली, "गिटारवर खापर नका फोडू. माझाच घसा."

इथे धाकट्याला गप्प बसता आलं असतं. पण नाही. वायर गुंडाळता गुंडाळता तो नाकाने कांदे सोलत म्हणाला, "ताई, जरा खालीच लागत होतीस तू. घाई केलीस गं."

ताईने मान डोलावली. धाकट्याचा कान तयार आहे, हे ती लहानपणापासून सगळ्यांना सांगत आली होती.

सोमवारी संध्याकाळी दुकानातून आल्यावर त्याने कीबोर्ड सुरू केला. पडद्यावर उजव्या भागापुढे शून्य होतं आणि डाव्या भागापुढे लिहिलं होतं: उणे पंचवीस.

तो उभाच राहिला. ती टेप जुनी, जरा उतरलेली. तिच्याबरोबर वाजवता यावं म्हणून त्याने स्वतःच आठवड्यापूर्वी दोन्ही भाग थोडे उतरवले होते. दोन शेजारच्या पट्ट्यांमध्ये जेवढं अंतर असतं, त्याच्या पाव हिश्शाने. सराव संपल्यावर उजवा भाग जागेवर आणला आणि डावा विसरला. म्हणजे काल बेस एका सुरात होता आणि गिटार दुसऱ्यात. ताई बिचारी पायाखालचा सूर धरायला गेली आणि तोच सूर बुडत होता.

त्याला लाज वाटली. अगदी कान तापेपर्यंत. त्याने फोन उचलला, ताईचा नंबर काढला आणि ठेवून दिला. काय सांगणार? चुकलो, एवढंच असतं तर सांगितलं असतं. पण वर शहाणपणाही शिकवला होता ना! "खालीच लागत होतीस तू." हे वाक्य त्याने कीबोर्डपुढे उभं राहून दोनतीनदा मनात म्हणून पाहिलं, आणि दर वेळी ते जास्तच ओंगळ वाटलं. उद्या सांगू, असं त्याने ठरवलं. मंगळवारीही त्याने तेच ठरवलं.

बुधवारी भावोजींचा फोन आला. "अरे, ही घरात गुणगुणतसुद्धा नाही. गाठी परत आल्यात म्हणते. उद्या डॉक्टरची वेळ घेतलीय, मला सुट्टी नाही. तू जाशील का बरोबर?"

"जातो की," धाकटा म्हणाला.

दवाखान्यातल्या बाकावर ताई पर्स मांडीवर घेऊन बसली होती. धाकटा शेजारी. भिंतीवर कानाचं भलंमोठं चित्र होतं, आतल्या गोगलगायीसारख्या वेटोळ्यासकट, आणि ते नेमकं त्याच्याच समोर. ताई हळूच म्हणाली, "ती नळी नाकातून घालतात ना, त्याची भीती वाटते रे. मागच्या वेळी ओकारीच आली होती."

हीच वेळ होती. उठ, घरी चल, तुझ्या घशाला काही झालेलं नाही. वाक्य ओठापर्यंत आलं होतं. तेवढ्यात नर्सने ताईचा नंबर पुकारला आणि धाकट्याने तिची पर्स धरायला हात पुढे केला.

दाराआडून तिचं घुसमटणं त्याला ऐकू येत होतं. तो पर्सच्या चेनशी चाळा करत बसला. उठून दार ठोठावण्याएवढा धीर त्याला झाला नाही. मूग गिळून बसणं काय असतं, ते त्या दहा मिनिटांत त्याला पुरतं कळलं.

ताई बाहेर आली ती नाक पुसत, डोळे लाल. "घसा ठणठणीत आहे म्हणाले," ती म्हणाली. धाकट्याने सुटकेचा निःश्वास टाकला. पण ती पुढे म्हणाली, "म्हणजे मग कानच गेला म्हणायचा. घसा बरा आणि तरी सूर लागत नाही, तर दुसरं काय?"

आणि धाकटा, बरं का, हा तिचा पाठचा भाऊ, काय म्हणाला असेल? म्हणाला, "वय होतंच ना, ताई."

त्या रात्री तो जेवला नाही. पण सांगितलंही नाही.

शुक्रवारी ताईने मास्तरांना कळवलं की दुसरी गायिका बघा. मास्तरांच्या ओळखीत दातांच्या दवाखान्यात काम करणारी एक बाई होती, गळा गोड. खोकेवाल्याने तिचं नावच दातवाली पाडलं. रविवारी तीच गाणार असं ठरलं, आणि शनिवारी धाकटा पुन्हा त्या आकड्यापुढे येऊन बसला. आकडा तसाच ठेवला तर दातवालीचाही सूर बुडणार. दुरुस्त केला तर ती सुरात गाणार, आणि मग ताईच्या कानावर कायमचा शिक्का बसणार. त्याने बटण दाबत दाबत आकडा शून्यावर आणला. पंचवीस वेळा दाबावं लागलं. दर वेळी आपण ताईला एकेक पायरी खाली ढकलतोय असं त्याला वाटत होतं, आणि तरी तो मोजत होता.

रविवारी ताई ऐकायला आली. रुसून घरी बसणाऱ्यातली ती नव्हेच. उलट दातवालीसाठी स्वतःची गाण्यांची वही घेऊन आली. श्वास जिथे घ्यायचा, तिथे तिथे तिने लाल पेन्सिलीने टिंबं दिलेली. ती वही देताना म्हणाली, "चौथं गाणं दमवतं. तिथे आधीच श्वास भरून घ्या."

दातवाली छान गायली. सूर चोख, मास्तर खूश. खोकेवाला तर इतका रंगला की खोकं सरकत सरकत कुंडीला जाऊन टेकलं. मध्यंतरात सगळे कॉफी घ्यायला जमले आणि ताई मास्तरांना म्हणाली, "बघा, माझी खात्री पटली. तीच गाणी, तीच माणसं, तोच कीबोर्ड. बदललं काय? एक गळा."

मास्तर गणिताचे. त्यांनी खाली बघून मान डोलावली. "उत्तर तर तेच निघतं, ताई."

"तोच कीबोर्ड नाही," धाकटा म्हणाला.

त्याचा आवाज इतका बारीक निघाला की खोकेवाल्याने "काय?" म्हणून विचारलं. मग त्याने सांगितलं. टेपचं, विसरलेल्या भागाचं, सगळं. कोणाला नीट समजलं नाही म्हणून तो कीबोर्डकडे गेला, डावा भाग पुन्हा उणे पंचवीसवर नेला आणि मास्तरांना गिटारचा सूर द्यायला सांगितला. दोन्ही एकदम वाजले. कॉफी पिणाऱ्या लोकांनीसुद्धा तोंड वाकडं केलं.

ताईने डोळे मिटले. "हाच," ती म्हणाली. "हाच होता. मी धरायला जायचे आणि हातातून सुटायचा." क्षणभर तिचा चेहरा असा उजळला की धाकट्याला वाटलं, सुटलो. मग तिने डोळे उघडले.

"तुला कधी कळलं?"

"सोमवारी."

"कुठल्या सोमवारी?"

"गेल्या सोमवारी. तू गायलीस, त्याच्या दुसऱ्याच दिवशी."

ताईने बोटांवर मोजलं. सोमवार, मंगळवार, बुधवार. चौथ्या बोटावर ती थांबली.

"म्हणजे गुरुवारी माझी पर्स धरून बसला होतास, तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

दातवालीने कप खाली ठेवला. ताई ओरडली असती, चारचौघांत एक थोबाडीत दिली असती, तर धाकट्याला बरं वाटलं असतं. तिने तसलं काही केलं नाही. दातवालीकडे वळून म्हणाली, "पुढची दोन मी म्हटली तर चालेल का तुम्हाला?" दातवालीने वही तिच्या हातात ठेवली. ताईने ती बंदच ठेवली.

मग वळली ती धाकट्याकडे. "तू बस जागेवर. उजवा हात वाजव. डावा नको."

"ताई, आता परत सरळ केलाय गं. शून्यावर आहे, बघ."

"डावा मांडीवर ठेव."

त्याने ठेवला. पहिल्या ओळीत ताईचा आवाज कापला. दुसऱ्या ओळीत सूर लागला आणि मग हललाच नाही. मास्तरांचा हात एकदाही खुंटीकडे गेला नाही. बेस नसल्यामुळे गाणं जरा हलकं, उघडं वाटत होतं, आणि त्या उघडेपणात तिचा एकेक सूर जागच्या जागी ऐकू येत होता. कडव्याआधी जिथे बेसची ती उचललेली जागा यायची, तिथे धाकट्याची बोटं आपोआप हलली. त्याने हात मांडीखाली दाबून धरला. दोन्ही गाणी होईपर्यंत तो तसाच बसला, सगळ्या लोकांसमोर, एका हाताने वाजवत. टाळ्या पडल्या तेव्हा त्याला त्या वाजवताही आल्या नाहीत.

ताई पर्स घेऊन भावोजींना फोन करायला बाहेर गेली. जाताना त्याच्याकडे तिने पाहिलं नाही.

कॉफीच्या दुकानाची मालकीण कप गोळा करत आली. दर रविवारी याला दोन हातांनी वाजवताना बघणारी. तिने काळजीने विचारलं, "काय हो, आज डाव्या हाताला काय झालं? दाखवलंत का कोणाला?"

"काही झालेलं नाही," धाकटा म्हणाला. "हात ठणठणीत आहे."