शेवटची चार पानं

खोडरबरने मूळ पुस्तकाची पानं तिसऱ्यांदा मोजली. तीनशे बारा. मघाशीही तीनशे बाराच भरली होती, आणि पुस्तक काही दोन चहांच्या मधे वाढत नाही. तरी त्याने पुठ्ठा वाकवून शिवण पाहिली, कुठे पान गळलंय का म्हणून. काहीसुद्धा गळलेलं नव्हतं.

छापखान्यात त्याला सगळे खोडरबरच म्हणत. मुद्रितं तपासण्यात एकतीस वर्षं गेली होती आणि त्याच्या लाल पेनातून चुकीची वेलांटी सुटल्याचं कुणाला आठवत नव्हतं. समोर पडली होती एका जुन्या अमेरिकन कादंबरीच्या अनुवादाची मुद्रितं. कादंबरीतला माणूस रोज संध्याकाळी टेबलावर दोन ताटं मांडतो आणि सोडून गेलेली बाई येत्या रविवारी येणार, असं गावभर सांगत सुटतो. मूळ पुस्तकात ती येत नाही. तो मरतो, आणि लोक ते टेबलसुद्धा उचलून नेतात. अनुवादात मात्र बाई येते! चांगली चार पानं भरून येते, खुर्ची ओढून बसते आणि विचारते, "गार झालं का रे सगळं?"

खोडरबरच्या डोक्याचा पार भुगा झाला. अनुवादक म्हणजे शब्दाला शब्द तोलणारा म्हातारा. तो पदरची चार पानं कशाला घालेल? आणि हे असंच छापलं, तर कुणीतरी मूळ पुस्तक उघडून बघणारच. सात वर्षांच्या कामाचं हसं व्हायचं. त्याने चारही पानांवर लाल काट मारली, ती सगळ्यात वर ठेवून गठ्ठा काखोटीला मारला आणि थेट अनुवादकाचं घर गाठलं.

दार अनुवादकाच्या बायकोने उघडलं.

"हे अंघोळीला गेलेत. बसा भाऊ."

त्याने गठ्ठा टेबलावर ठेवला. वरच्याच पानावरची लाल काट पाहून बाई उभ्या होत्या त्या खालीच बसल्या.

"सापडलं म्हणायचं तुम्हाला. ती पानं माझी आहेत."

"तुमची? कधी लिहिलीत?"

"आमचं लग्न व्हायचं होतं तेव्हा," बाई आवाज खाली आणून म्हणाल्या. "ह्यांची आई नुकतीच गेलेली. अन्नपाणी सोडलं होतं ह्यांनी, दिवसभर हे पुस्तक उराशी. नेमकी त्या प्रतीची शेवटची पानं फाटलेली. मी म्हटलं, वाचनालयातल्या प्रतीवरून आपल्या भाषेत उतरवून आणते. तिथे बसून खरा शेवट वाचला. तो नेऊन दिला असता तर हा माणूस हातचा गेला असता हो! मग मीच लिहिला. तो वाचून हे उठले आणि काही खायला आहे का म्हणाले."

"मग पुढे कधी सांगितलं नाहीत?"

"आधी धीर झाला नाही. आता चाळीस वर्षांनी कुठल्या तोंडाने सांगू? तुम्ही खोडा ते. लोक हसतील ह्यांना. पण ह्यांना काही कळू देऊ नका."

"बाई, अख्खी चार पानं गेलेली त्यांना कळणार नाहीत?"

"ते मला नका विचारू," म्हणून बाई डोळे टिपत चहा टाकायला आत गेल्या.

तेवढ्यात अनुवादक डोकं पुसत बाहेर आला. काट पाहिली, स्वयंपाकघराकडे पाहिलं, आणि टॉवेल तसाच खांद्यावर टाकला.

"तिला दाखवलंत?"

खोडरबरने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

अनुवादकाने कपाटातल्या पुस्तकांच्या मागे हात घातला आणि पिवळी पडलेली एक प्रत काढली. शेवटचं पान उघडून त्याच्यापुढे धरलं. तीनशे बारा.

"लग्नानंतर तिसऱ्या वर्षी मिळाली. तिला वाटतं, मला पत्ताच नाही. तसंच वाटू द्या तिला."

"पण सर, लोक हसतील तुम्हाला."

"हसू देत की! ती चार पानं जाणार असतील, तर बाकीचं पुस्तक छापूच नका."

चहा आला. तिघांनी घेतला. बाई कपाआडून डोळ्यांनी विनवत होत्या, खोडा. अनुवादकाचा पाय टेबलाखालून ढोसत होता, खोडू नका. मधे बसलेल्या खोडरबरला साखर आहे की नाही तेसुद्धा कळेना.

"गार झाला का हो?" बाईंनी विचारलं.

त्याने चमकून वर पाहिलं. मग कप ठेवला, गठ्ठा उचलला आणि निघाला.

खाली जिन्याच्या शेवटच्या पायरीवर मात्र तो बसला. गठ्ठा मांडीवर घेतला. चुकून खोडलेली ओळ पुन्हा हवी असली, की तिच्याखाली ठिपके द्यायचे असतात. एकतीस वर्षांत ही वेळ त्याच्यावर क्वचितच आली होती. आता त्याने चार पानांतल्या ओळीन् ओळीखाली ठिपके दिले. बोटं दुखायला लागली.

मग त्याने पहिलं पान काढलं. 'अनुवाद' या शब्दाखाली अनुवादकाचं एकट्याचं नाव होतं. त्या नावापुढे, इथे काहीतरी राहून गेलंय अशी लाल खूण त्याने केली, आणि गठ्ठा घेऊन पुन्हा जिना चढू लागला.