होरपिनाचं पातेलं

पानासने आयुष्यभर पीक कापायचं कम्बाइन यंत्र चालवलं. गव्हाचं शिवार तो दिवस मावळायच्या आत साफ करायचा, पण चूल पेटवायची वेळ आली की त्याला हमखास अंगणात काम आठवायचं. त्यामुळे त्याची बायको मेलाष्का सफरचंदाच्या झाडाखाली घसरून पाय मोडून बसली, तेव्हा गावाला तिच्या पायापेक्षा पानासच्या पोटाची काळजी जास्त लागली.

मुलगी उल्याना पोल्टावा शहरातून धावत आली. तिने आईचं प्लॅस्टर बघितलं, बापाने करपवलेली अंडी बघितली आणि निकाल देऊन टाकला. "रविवारी गाडी घेऊन येते. हिवाळाभर आई माझ्याकडे राहील. इथे उपाशी मरेल ती."

"का? मी करीन ना स्वयंपाक!"

"तुम्ही, बाबा?"

"बिटाचं लाल रश्श्याचं बोर्श करून दाखवतो."

उल्याना हसत सुटली. "ठरलं. रविवारी माझ्यापुढे धड बोर्श ठेवलात, तर आईला हलवत नाही. नाहीतर नेणार म्हणजे नेणार."

मेलाष्का दवाखान्यात होती तेवढ्या रात्री पानास भिंतीवरच्या घड्याळाशी बोलत बसला होता. अख्खा हिवाळा घड्याळाशी बोलून कसा काढायचा?

रविवारी सकाळीच त्याने कंबर कसली. आतल्या खोलीत पलंगावर मेलाष्का. तिचा पाय मोडला होता, आवाज शाबूत होता.

"मांसाच्या बरगड्या उकळल्या, त्यावरचा फेस काढलास?"

"काढला!"

"मीठ चाखून घाल रे!"

मीठ त्याने इतक्यांदा चाखलं की रस्सा बोटभर खाली गेला.

"आता नीट ऐक. बीट पातेल्यात घालायचं नाही अजून. वेगळं परत, त्यावर व्हिनेगर टाक, आणि बटाटा शिजला की अगदी शेवटी सोड. ऐकतोयस ना?"

"ऐकतोय गं बाई!"

ऐकलं त्याने सगळं. पण पटलं नाही. बीट सगळ्यांत कडक, मग ते सगळ्यांत आधी नको शिजायला? आणि व्हिनेगर कशाला, लोणचं घालायचंय का? बायका उगाच दोन भांडी खरकटी करतात, असं म्हणून त्याने चिरलेलं बीट सरळ उकळत्या रश्श्यात लोटलं. रस्सा असा काही लाल झाला की पानासने स्वतःच्याच मिशीला पीळ भरला.

मग तो आरामात बटाटे सोलत बसला. कोबी चिरला, शेपू खुडली. पुन्हा झाकण काढून बघतो तर लालचं गुलाबी झालेलं. थोड्या वेळाने गुलाबीचं पिवळं. शेवटी पातेल्यात उरलं ते भांडी विसळलेल्या पाण्यासारखं काहीतरी.

"लाल झालं का रे?" आतून आवाज आला.

"लालेलाल!" पानास म्हणाला, आणि मागच्या दाराने पळाला.

कुंपणापलीकडे होरपिना राहायची. एका लग्नात तिच्या आणि मेलाष्काच्या, दोघींच्या घरून बोर्श गेलं, पाहुण्यांनी होरपिनाचं पातेलं आधी फस्त केलं, आणि तेव्हापासून मेलाष्काने तिच्याकडे बघून बोलणं सोडलं होतं. कोंबड्यांना शिव्या देताना तेवढा कुंपणापलीकडे ऐकू जाईल असा आवाज चढवायची.

होरपिनाने त्याचा चेहरा बघितला आणि काय ते ओळखलं. "बीट आधी घातलंस ना, शहाण्या?"

"वाचव गं होरपिना. मेलाष्काला पोरगी घेऊन चाललीय."

होरपिनाने चुलीवरचं निळ्या फुलांचं पातेलं उचलून त्याच्या हातात दिलं. "पाय दुखतो का रे तिचा फार?... बरं, मी विचारलं म्हणून सांगू नकोस. आणि पातेलं रिकामं परत आणलंस तर दारात उभा करणार नाही!"

उल्याना आली ती आईच्या पलंगापाशीच बसली. पानासने दोघींपुढे वाडगे ठेवले. माणकासारखं लाल बोर्श, वर आंबट सायीचा गोळा. उल्यानाने एक चमचा घेतला, दुसरा घेतला, आणि थबकली. चमच्यात काळं, रश्श्यात फुगलेलं सुकं आलुबुखार होतं.

"बाबा, बोर्शमध्ये आलुबुखार? आईने तर जन्मात कधी घातलं नाही."

मेलाष्काही आपल्या वाडग्यातलं आलुबुखार तोंडात घोळवत होती. तिचे डोळे बारीक झाले. तिने कुंपणाच्या दिशेने बघितलं, मग नवऱ्याकडे, आणि मग तोंडातला घास गिळला.

"मीच सांगितलं त्याला घालायला," ती म्हणाली. "म्हातारपणी काही नवीन करू नये की काय माणसाने?"

उल्यानाने दोन वाडगे रिचवले, बापाची पाठ थोपटली आणि एकटीच गाडीत बसून गेली. फाटक लागल्याचा आवाज आला तसा पानास खुर्चीत कोसळला.

"आता तुझं आण," मेलाष्का म्हणाली.

"माझं कुठलं?"

"लपवलेलं."

"ते बदकांना ठेवलंय. बदकंसुद्धा तोंड लावेनात."

"आण म्हणते ना!"

त्याने मान खाली घालून पिवळ्या रश्श्याचा वाडगा पुढे केला. मेलाष्काने बघितलं आणि ती हसायला लागली. प्लॅस्टरमधला पाय दुखेस्तोवर हसली, डोळे पुसले, पुन्हा हसली. मग चमचा उचलला आणि सगळं संपवलं.

"मीठ बरोबर पडलंय," ती म्हणाली.

पानासने उगाच पलंगावरची चादर सारखी केली.

"उद्या मला उचलून चुलीपाशी बसव," मेलाष्का म्हणाली. "माझ्या डोळ्यांदेखत बीट परत, व्हिनेगर घाल, आणि आपलं बोर्श भरून त्या बयेचं पातेलं देऊन ये. कळू दे तिला बोर्श कशाला म्हणतात ते."

"बरं."

"आणि हे बघ, पातेलं देता देता सहज विचार, ती आलुबुखार आधी भिजवते का. मी विचारलं म्हणून सांगू नकोस."